सातपुडा जवळ येतो तेव्हा

आमच्या गावापासून सातपुडा पंधरा-वीस किलोमीटर उत्तरेला. दक्षिणेला तापी, उत्तरेला डोंगर आणि मधल्या काळ्या मातीच्या पट्ट्यात चोपडा तालुक्यातली आमची गावं. डोंगर जागचा हलत नाही हे शाळेत जायच्या आधीपासून मला ठाऊक होतं, पण आमच्या घरी तो हलायचा. आप्पा, म्हणजे माझे वडील, पहाटे धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावर चढायचे. तोंडात निंबाची काडी, खांद्यावर रुमाल. उत्तरेकडे मिनिटभर बघायचे आणि खाली उतरून आईला सांगायचे, "सातपुडा जोडे उना. आते थंडी पडी."

जोडे म्हणजे जवळ. सातपुडा जवळ आला, आता थंडी पडणार.

आणि पडायची. दोन रात्रींच्या आत गोधडीवर गोधडी यायची, चुलीपुढची जागा धरायला भावंडांत भांडणं व्हायची. डोंगर खरोखरच जवळ आलेला असायचा. एरवी तो आभाळाच्या कडेला पुसट राखाडी पट्ट्यासारखा दिसे, कधी तर दिसतच नसे. अशा सकाळी मात्र त्याच्या घड्या, त्यातल्या सावल्या, वरच्या कडेवरची सुटी सुटी झाडंसुद्धा दिसायची. गावातल्या चुलींचा धूर जमिनीलगत अंथरल्यासारखा पडून राहायचा आणि त्याच्या वर डोंगराचा माथा धुतल्यासारखा स्वच्छ.

पुढे मी भूगोलाचा शिक्षक झालो आणि तालुक्याच्या शाळेत तीस वर्षं तोच विषय शिकवला. वायुराशी शिकवल्या. हवेचा एखादा प्रचंड साठा बर्फाळ मैदानावर, वाळवंटावर किंवा समुद्रावर काही दिवस बसून राहिला की त्या जागेचा गुण त्याच्या अंगात उतरतो. शेकडो किलोमीटर तीच ऊब, तीच ओल किंवा तोच कोरडेपणा. मग तो साठा जागचा निघाला की आपला गुण बरोबर घेऊन निघतो. जमिनीवरची ती खंडीय, समुद्रावरची ती सागरी, असं मी फळ्यावर लिहायचो. आप्पांच्या सातपुड्याचा आणि या फळ्याचा काही संबंध आहे हे कळायला मला निम्मी नोकरी घालवावी लागली. कोरड्या हवेत धूर-धुळीचे बारीक कण बारीकच राहतात. हवेत ओल असली की तेच कण पाणी धरून फुगतात आणि उजेड विस्कटून टाकतात, त्यामुळे दूरचं धुरकट होतं. राजस्थानवरून, माळव्यावरून कोरडी हवा आमच्याकडे उतरली की सातपुडा दिसू लागतो. आप्पा धाब्यावर चढून वायुराशी ओळखत होते.

फळ्यावरचा धडा पुढे आघाड्यांकडे जाई. शीत आघाडी म्हणजे निळ्या रेघेवर त्रिकोण, उष्ण आघाडी म्हणजे लाल रेघेवर अर्धवर्तुळं. आघाडी म्हटलं की मुलांना निवडणूकच आठवायची, म्हणून मी युद्धाचा अर्थ आधी सांगायचो. दोन सैन्यं समोरासमोर येतात ती रेषा. एका वर्षी, बहुधा नववीच्या वर्गात, मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. घरी केळीची बाग, सकाळी पाण्याची पाळी देऊन शाळेत येणारी. तिने विचारलं, "सर, हाई आघाडी आपलाकडे कवय येस?"

आपल्याकडे कधी येते. मी म्हटलं, आपल्याकडे येत नाही, ती थंड देशांची गोष्ट आहे, परीक्षेत मात्र येते. वर्ग हसला, ती खाली बसली, मी पुढचं पान उलटलं. पोरीने विचारलेला प्रश्न बरोबर होता आणि मी दिलेलं उत्तर चुकीचं. ते मला फार उशिरा कळलं आणि आजही टोचतं.

आधी त्या रेघेची जन्मकथा, कारण ती कथा शेतकऱ्यांची आहे आणि पाठ्यपुस्तकात ती नव्हती. 1917 मध्ये व्हिल्हेल्म ब्यर्कनेस नावाचे नॉर्वेचे शास्त्रज्ञ जर्मनीतलं लाइपझिग सोडून आपल्या देशातल्या बर्गन या किनाऱ्यावरच्या गावी आले. पहिलं महायुद्ध चालू होतं. नॉर्वे लढाईत नव्हता, पण लढणाऱ्या देशांनी हवामानाच्या तारा पाठवणं बंद केलं होतं, कारण हवामान हे युद्धातलं गुपित. पश्चिमेकडून काय येतंय ते नॉर्वेला कळेना. बाहेरून येणारं धान्यही आटलं होतं, त्यामुळे घरचं पीक वाचवणं आणि मासेमारी चालू ठेवणं भाग होतं. ब्यर्कनेसांनी किनाऱ्यावर निरीक्षणाची ठिकाणं दाट पेरली आणि 1918 च्या उन्हाळ्यात शेतकऱ्यांसाठी अंदाज द्यायला सुरुवात केली. ठिकाणं दाट झाली तेव्हा पूर्वी न दिसलेलं काहीतरी नकाशावर दिसू लागलं. वारा हळूहळू वळत नव्हता. एका रेषेवर तो एकदम मोडत होता आणि तिच्या दोन्ही अंगांना दोन वेगळ्या हवा होत्या. ब्यर्कनेसांचा मुलगा याकोब तेव्हा विशी नुकती ओलांडलेला. त्याने 1919 मध्ये पुढे सरकत जाणाऱ्या आवर्ताची, म्हणजे कमी दाबाभोवती फिरणाऱ्या वाऱ्यांची, रचना मांडणारा निबंध लिहिला. त्याने त्या रेषांना आधी वेगळी नावं दिली होती. आघाडी हा शब्द थोडा मागून आला, आणि तो सरळ त्या चार वर्षांच्या लढाईतून आला.

थंड हवा जड. ती पाचरीसारखी जमिनीलगत उबदार हवेखाली घुसते आणि तिला वर ढकलते. ही शीत आघाडी. उबदार हवा चाल करून आली तर ती थंड हवेच्या पाठीवरून चढत जाते. ही उष्ण आघाडी. उष्ण आघाडीचा चढ इतका सौम्य असतो की दीडशे-दोनशे किलोमीटर चालावं तेव्हा किलोमीटरभर उंची मिळते. शीत आघाडीचा चढ त्याच्या दुप्पट-तिप्पट उभा. हवा वर गेली की पसरते, पसरली की गार होते, किलोमीटरमागे जवळपास 10 अंशांनी, आणि गार हवेला आपल्यातली वाफ सांभाळता येत नाही. सगळा पाऊस शेवटी याच एका कारणाने पडतो. हवेला वर चढवायला कोणीतरी लागतं: डोंगर, ऊन किंवा दुसरी हवा.

आता खानदेश. आम्ही 21 अक्षांशाच्या आसपास. थंडीत भूमध्य समुद्राकडून, कॅस्पियनकडून एकामागोमाग एक कमी दाबाची क्षेत्रं वरच्या पश्चिमी वाऱ्यांसोबत वाहत येतात. हवामान खातं त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणतं. काश्मीर-हिमाचलात बर्फ पाडतात, पंजाबात गव्हावर पाऊस शिंपडतात आणि हिमालयावरून पुढे निघून जातात. त्यांची चाल आमच्या हजारभर किलोमीटर उत्तरेने. पुस्तकातली आखीव निळी रेघ तापीपर्यंत पोचेतो विरघळून जाते. म्हणजे माझं उत्तर अगदीच निराधार नव्हतं. पण रेघ विरघळली तरी तिच्या दोन्ही बाजूंच्या हवा येतातच, आणि त्या क्रमाने येतात.

तो क्रम आमच्याकडे कोणीही सांगेल. आधी चांदण्या रात्री आभाळात पिंजलेल्या कापसाचे तंतू येतात. कापूस आमच्या घरचा, म्हणून ही उपमा आम्हाला शोधावी लागत नाही. मग चंद्राभोवती मोठं गोल कडं उमटतं. "चांदले खयं पडनं," आजी म्हणायची. चंद्राला खळं पडलं. सात-आठ किलोमीटर उंचीवरच्या बर्फाच्या सहा कोनी कणांतून चांदणं वळून येतं, म्हणून ते कडं. हात लांब करून वीत उघडली की चंद्रापासून कड्यापर्यंतचं अंतर जवळपास भरतं, कारण ते नेहमी 22 अंशांवरच पडतं. हे ढग त्या दूरच्या विक्षोभाच्या वरच्या वाऱ्यांनी पाठवलेले. त्या एक-दोन रात्री उबदार जातात, कारण ढग जमिनीची ऊब बाहेर सुटू देत नाहीत. वारा पडतो, हवा दमट होते, हरभऱ्यावर अळी वाढते, केळीवर करपा सरकतो. सातपुडा दिसेनासा होतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आप्पा अंगणात उभे राहून रुमालाचं टोक हवेत सोडायचे. टोक दक्षिणेकडे उडालं की "वारा फिरना". आणि दुसऱ्या सकाळी डोंगर जवळ.

तिकडे कुठेतरी आघाडी ओलांडून गेलेली असते आणि तिच्या पाठीमागची हवा आमच्या अंगणात पोचलेली असते. नकाशावर नसलेली रेघ आम्ही अंगावर वाचतो.

थंडीची ही हवा सगळ्यांना सारखी वागवत नाही. दादर, म्हणजे आमची रब्बी ज्वारी, तिच्यावर जगते. पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवर, रात्रीच्या दवावर, पाण्याची एकही पाळी न घेता तापीकाठच्या काळीत दादर उभी राहते. याच दिवसांत शेताशेतांत भरिताची वांगी काड्यांच्या जाळावर भाजली जातात आणि परगावचे पाहुणे बरोबर त्याच रविवारी उगवतात. वर सातपुड्यात, अक्कलकुवा तालुक्यातल्या डाब परिसरात, गवतावरचं दव गोठून पांढरं झाल्याची बातमी येते. धुळ्याचा पारा पाच-सहा अंशांवर आल्याचं वाचतो. आणि आमच्या केळीला चरका लागतो.

चरका हा शब्द मला कृषी खात्याच्या कुठल्याही शब्दापेक्षा अचूक वाटतो. केळ ही मुळात दमट, उबदार मुलखाची. पारा 10-12 अंशांच्या खाली गेला की तिची वाढ थांबते. नवं पान पुरतं उलगडत नाही, निसवणीवर आलेला घड खोडाच्या गळ्याशी अडकतो, आणि बाहेर आलेल्या फळाच्या सालीखाली तपकिरी रेषा धरतात. तो माल पिकला तरी पिवळा होत नाही, मातकट राहतो. व्यापारी फणी हातात घेतो, नखाने साल ओरखडतो आणि भाव पाडतो.

आमच्या शेताचे दोन तुकडे आहेत. एक वरच्या अंगाला, एक नाल्याकाठी. दोन्हींत तीनशे पावलांचं अंतर नाही. नाल्याकाठची माती अधिक चांगली, आणि चरका नेहमी तिथेच. मी आप्पांना विचारायचो, असं का? ते म्हणायचे, थंडी पाण्यासारखी असते, खालच्या अंगाला जाते. हे वाक्य मी पुढे वर्गात जसंच्या तसं वापरलं. निरभ्र, कोरड्या रात्री जमीन आपली ऊब वर सोडून देते. तिला टेकलेली हवा गार होते, जड होते आणि उतारावरून ओघळत खोलगटात साचते. सातपुड्याच्या उतारांवरूनही ती अशीच ओघळते. पहाटे चारला वरच्या तुकड्यातून नाल्याकडे चालत गेलं की एका ठिकाणी पायांना पाण्यात उतरल्यासारखं वाटतं. दोन अंशांचा, कधी तीन अंशांचा फरक मी साध्या तापमापीवर स्वतः मोजलेला आहे.

आणि तरी पीकविम्याचा हिशेब होतो तो महसूल मंडळातल्या हवामानाच्या एका यंत्रावरून. सलग काही दिवस पारा ठरलेल्या अंशाच्या खाली गेला तर भरपाई, नाहीतर नाही. यंत्र उंच, मोकळ्या जागी. एका वर्षी त्याच्या आकड्यात थंडी अर्ध्या अंशाने कमी भरली आणि आमच्या नाल्याकाठच्या बागेत प्रत्येक घडाला तपकिरी रेषा होत्या. मी अर्ज केला, तापमापीच्या नोंदींची वही जोडली. ती वही परत आली. यंत्र खोटं बोलत होतं असं मी म्हणत नाही. ते त्याच्या पायाखालची हवा मोजत होतं. पण केळीच्या पायाखालची हवा वेगळी होती, आणि शेतकऱ्याचं नुकसान केळीच्या पायाखाली होतं. बर्गनमध्ये ठिकाणं दाट पेरली तेव्हाच रेषा दिसली, हे मला अशा वेळी फार आठवतं.

अशा थंडीच्या रात्री बाग वाचवायला काय करतात तेही सांगतो. विहिरीचं पाणी पहाटेच्या हवेपेक्षा कोमट असतं, म्हणून रात्री पाणी देतात. वीज असली तर. बांधावर पालापाचोळा ओला करून पेटवतात, त्याचा धूर बागेवर धरून ठेवायचा प्रयत्न करतात. घडांना पिशव्या घालतात. बागेभोवती शेवरीची किंवा गजराज गवताची दाट ओळ लावतात. यातली शेवटची दोन मला सगळ्यांत भरवशाची वाटतात. धुराचा उपयोग वारा पूर्ण पडलेला असेल तरच.

पावसाळ्याचं थोडक्यात सांगतो, कारण तो एका लेखात मावत नाही. तो म्हणजे समुद्रावरून आलेली एकच एक दमट हवा, जूनच्या मध्यानंतर आमच्याकडे पसरते आणि मग चार महिने दोन हवांचा सामना उरतच नाही. बंगालच्या उपसागरात कमी दाब तयार होऊन मध्य प्रदेशावरून पश्चिमेला सरकला की आमच्याकडे झड लागते. कधी पाऊस वरच्या खोऱ्यातच पडतो. आमच्या अंगणात ऊन असतं आणि हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्याची दवंडी काठच्या गावांत फिरत असते. पाऊस कुठे पडला ते मग तापीच्या पाण्याच्या रंगावरून ओळखायचं.

खरा सामना होतो तो मार्चमध्ये आणि मेमध्ये.

2014 चा मार्च महाराष्ट्रातला कुठलाही शेतकरी विसरला नसेल. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्यात ठिकठिकाणी गारा पडत राहिल्या. एखादी सर नव्हे, आठवड्यामागून आठवडा. वरच्या पश्चिमी वाऱ्यांचा प्रवाह नेहमीपेक्षा दक्षिणेला उतरला होता आणि विक्षोभांची थंड, कोरडी हवा वरून महाराष्ट्रावर येत होती. त्याच वेळी खालून अरबी समुद्राची आणि बंगालच्या उपसागराची ओल आत खेचली जात होती. पुस्तकात दोन हवा शेजारी शेजारी उभ्या असतात. इथे एकीच्या डोक्यावर दुसरी बसली होती. खाली उबदार आणि ओली, वर थंड आणि कोरडी. अशी उतरंड टिकत नाही. खालच्या हवेला वाट मिळाली की ती आठ-दहा किलोमीटर उंच उसळते.

आमच्या गावावर ती संध्याकाळी उसळली. गहू पिवळा होऊन उभा होता, दादरीची कणसं भरली होती. दुपारभर अंगाला चिकटणारी ऊब होती, मार्चच्या सुरुवातीला न शोभणारी. आप्पा तेव्हा ऐंशीच्या पुढचे, धाब्यावर चढणं बंद झालेलं. त्यांनी ओट्यावरूनच पश्चिमेचं आभाळ पाहिलं आणि गुरं आत घ्यायला सांगितलं. ढगाच्या पोटाला हिरवट छटा होती. आधी टपटप चार-दोन, पत्र्यावर कोणी खडे मारावेत तसे. मग आवाजात आवाज मिसळला आणि घरात एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. दहा-बारा मिनिटं. एवढ्यात सगळं झालं.

माझ्या धाकट्या मुलीने अंगणातून लिंबाएवढी गार उचलून आणली होती. मी ती विळीवर धरून कापली. आत कांद्यासारखे पदर होते, एक दुधी, एक काचेसारखा, पुन्हा दुधी. ढगात शून्याखाली गेलेलं तरी न गोठलेलं पाणी असतं. ते बर्फाच्या कणाला स्पर्श होताच गोठतं. हळू गोठलं तर पारदर्शक पदर, झटकन गोठलं तर हवेचे बुडबुडे अडकून दुधी. जोराच्या उसळीने कणाला वर तोलून धरलं तोवर पदरावर पदर चढत राहिले. उसळीला वजन पेलेना तेव्हा तो आमच्या गव्हावर आला. मी मुलीला हे समजावत होतो आणि ती ऐकत होती. मागे आप्पा काही न बोलता बसले होते. विज्ञान सांगायची ती वेळ नव्हती, हे मला त्यांच्या पाठीकडे पाहून कळलं.

सकाळी आम्ही शेतात गेलो. गहू जमिनीला चिकटलेला. केळीच्या पानांच्या नुसत्या शिरा उरल्या होत्या, झालरीसारख्या लोंबत. बांधाच्या सावलीत गारांचा ढीग अजून विरघळत होता आणि त्यावरून येणारा वारा डिसेंबरसारखा गार होता. आप्पांनी उत्तरेकडे तोंड केलं. सातपुडा इतका जवळ होता की वरच्या कडेवरचं एकेक झाड वेगळं दिसत होतं. त्यांनी तो पाहिला आणि पहिल्यांदाच त्यावर काही बोलले नाहीत.

मेची गोष्ट वेगळी. तापीचं खोरं पश्चिमेला गुजरातकडे उघडं आहे, उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग. उन्हाळ्यात पश्चिमेचा, वायव्येचा कोरडा वारा या नळीतून वाहतो. जळगाव-भुसावळचा पारा 45 च्या वर जातो तो याच हवेत. ती इतकी कोरडी असते की अंगावरचा घाम दिसतसुद्धा नाही. दुपार टळल्यावर कधी पूर्वेकडून, दक्षिणेकडून दमट हवा सरकत येते. रोजच्या हवामान वार्तेत विदर्भापासून दक्षिणेकडे वाऱ्यांच्या खंडिततेची रेषा सांगतात, ती या दोन हवांची सीमा. आमच्याकडची आघाडी थंड-गरमची असण्यापेक्षा कोरड्या-ओल्याची असते. एक गंमत मुलांना कधी पटत नसे: तापमान सारखं असेल तर ओली हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. ओलं ते जड, हा रोजचा अनुभव. पण पाण्याच्या वाफेचा रेणू 18 वजनाचा आणि कोरड्या हवेचं सरासरी वजन 29. ओल वाढली की हवा हलकी होते आणि वर जायला तयार होते.

ढग बांधला जातो. त्यातून पाणी पडायला लागतं, पण ते खालच्या भाजून निघालेल्या कोरड्या हवेतून पडतं आणि वाटेतच उडून जातं. माठातलं पाणी का गार होतं हे ज्याला कळलं त्याला पुढचं कळेल. पाणी उडताना ऊब घेऊन जातं. ढगाखालची हवा त्या माठासारखी गार होते, जड होते, धाडकन खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. पुढे धुळीची भिंत, मागे गार वारा. खानदेशात याला वावधन म्हणतात. हवा जितकी कोरडी तितकं पाणी जास्त उडतं आणि तितकं वावधन जोराचं. म्हणून कित्येकदा आमच्याकडे नुसतंच वावधन येतं आणि पाण्याचा थेंब पडत नाही. केळीला लाकूड नसतं. ज्याला आपण खोड म्हणतो ते पानांच्या देठांचं एकावर एक गुंडाळलेलं भेंडोळं, आणि त्याच्या माथ्यावर वीस-पंचवीस किलोचा घड. वर्षभर वाढवलेली मृगबाग कापणीच्या तोंडाशी असते आणि पाच मिनिटांत सगळी एकाच दिशेला आडवी होते.

ती दिशा पाहताना मला उत्तर सापडलं. निवृत्तीच्या आदल्या वर्षी शेजारच्या पडलेल्या बागेत उभा होतो. सगळी झाडं पूर्वेला माना टाकून. त्या बांधावर वारा पश्चिमेकडून शिरला, पाचरीसारखा उबदार हवेखाली घुसला आणि तिला वर ढकलून पुढे गेला. ही शीत आघाडीच होती. काही किलोमीटर लांबीची, तासाभराच्या आयुष्याची, पण काम तेच आणि रीतही तीच. बर्गनची आघाडी हजार किलोमीटरची, आमची तापीकाठच्या दोन गावांमधली. आपल्याकडे येत नाही म्हणून मी ज्या मुलीला खाली बसवलं, तिने ती दर मेमध्ये पाहिलेली असणार. तिला फक्त नाव हवं होतं.

गेल्या आखाजीला ती माहेरी आली होती. आखाजी म्हणजे आमच्याकडे लेकींचा सण. निंबाला झोके बांधलेले, पुरणाचा वास, सासुरवाशिणी आणि त्यांची पोरं. तिची थोरली मुलगी आता नववीत. संध्याकाळी चारच्या सुमारास पश्चिमेला धूळ उठली. झोके सोडून सगळे पळाले आणि ती पोरांना घेऊन आमच्याच ओट्यावर आली. 43 अंशांचा दिवस होता. वाऱ्याचा पहिला झोत आला आणि अंगावरची आग कोणी ओढून काढावी तशी निघून गेली. मागून कुठल्या तरी लांबच्या भिजलेल्या मातीचा वास आला, इथे अजून थेंबही नव्हता.

मी म्हटलं, "बेटा, तू मला एकदा वर्गात विचारलं होतंस."

तिला आठवत नव्हतं. मी सांगितलं. मग धुळीकडे बोट करून ही आघाडी असं सांगितलं आणि माठाचं, पाचरीचं, पडलेल्या केळींचं सगळं सांगत गेलो. ती ऐकत होती, पण लक्ष तिच्या भावाच्या बागेकडे होतं, जशी त्या दिवशी आप्पांची पाठ होती. मी थांबलो. वारा थोडा उतरल्यावर तिच्या मुलीने विचारलं, "मग आजोबा, ही आघाडी पुढं जाते कुठं?"

बहुतेक वेळा विरून जाते, मी म्हटलं. पण पलीकडून दुसऱ्या ढगाचा गार वारा आला आणि दोन्हींची गाठ पडली, तर मधली गरम हवा चिमटीत सापडल्यासारखी वर जाते आणि तिथे नवा ढग उभा राहतो.

ती ओट्याच्या कडेला गेली. यावलच्या अंगाला, धूळ गेली होती त्याच दिशेला, फुलकोबीसारखं पांढरं काहीतरी वर चढत होतं. तिची आई तोवर चपला घालून बागेकडे निघालीही होती.